संस्थेसाठी सीए फर्म निवडताना: जुन्नरच्या एका सचिवताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे अशाच पेचात असलेल्या इतर संस्थांनाही उत्तराचा उपयोग होईल. जुन्नर तालुक्यात तुमची नोंदणीकृत संस्था आहे. मुलींची अभ्यासिका, शिवणवर्ग आणि एक छोटं वसतिगृह चालतं, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आसपास आहे. संस्थापकांचे स्नेही असलेले एक सीए इतकी वर्षं फी न घेता ऑडिट करून देत आले. यंदा पुण्याच्या एका कंपनीने १८ लाखांचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) मंजूर केला आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी ‘आता एखादी मोठी फर्म नेमा’ असं सुचवलं. विश्वस्त मंडळात दोन मतं पडली. काहींना पुण्याची नावाजलेली फर्म हवी, तर काही म्हणतात अध्यक्षांचा पुतण्या नुकताच सीए झालाय, काम त्यालाच द्यावं.

मी स्वतः सीए नाही. संस्थांमध्ये लेखापाल म्हणून लागले आणि पुढे लहान-मध्यम संस्थांची हिशेबाची घडी बसवून देण्याचंच काम करत आले. त्यामुळे सीएंच्या टेबलाच्या या बाजूला बरीच वर्षं बसले आहे. माझं मत असं, की तुम्हाला मोठी फर्म नको, पुतण्याही नको, आणि फुकटचं ऑडिटही आता पुढे चालवू नका. तुमच्यासारख्या ट्रस्टची कामं नियमित करणारी आणि सप्टेंबर सोडून इतर महिन्यांतही तुमचा फोन घेणारी मध्यम आकाराची फर्म शोधा.

शोधायला निघण्याआधी मंडळात एक गोष्ट मात्र ठरवून घ्या. ‘सीए नेमायचा’ म्हणजे नेमकं कुठलं काम द्यायचं? यात तीन वेगळी कामं आहेत. हिशेब लिहिणं, म्हणजे व्हाउचर, रोजकीर्द, टॅलीतल्या नोंदी, बँकेशी जुळवणी. हिशेब तपासणं, म्हणजे ऑडिट. आणि तिसरं, वर्षभराची कायदेशीर पूर्तता: टीडीएस (पैसे देतानाच कापून भरायचा आयकर), देणगीदारांचं विवरण, आयकर विवरणपत्र, धर्मादाय कार्यालयातले चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद), नोंदणीचं नूतनीकरण. बऱ्याच संस्था मार्च संपला की बिलांची पिशवी सीएच्या ऑफिसात नेऊन देतात. तिथली आर्टिकल मुलं, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी, ती टॅलीत चढवतात, त्याच ऑफिसात ताळेबंद तयार होतो आणि त्याच ऑफिसातून ऑडिट रिपोर्टवर सही होऊन येते. स्वतः लिहिलेलं स्वतःच तपासलं, तर त्याला तपासणी म्हणता येत नाही. कलम ८ खालच्या (ना-नफा) कंपनीच्या बाबतीत तर कंपनी कायद्याच्या कलम १४४ ने ऑडिटरला त्याच संस्थेचे हिशेब लिहायला सरळ मनाई आहे. तुमची संस्था ट्रस्ट आहे म्हणून हे कलम तुम्हाला लागू नाही, पण कारण तेच आहे आणि सीएसआर देणारी कंपनी हे पहिल्यांदा विचारते.

म्हणून लिहिण्याचं काम गावातच ठेवा. नारायणगाव-जुन्नर भागात टॅली येणारी, पतसंस्थेत किंवा दुकानांत काम केलेली माणसं मिळतात. आठवड्यातून दोन दिवस येणारी व्यक्ती तुमच्या आकाराच्या संस्थेला पुरते. ऑडिट बाहेरच्या फर्मकडे द्या. पूर्ततेचं काम त्याच फर्मकडे दिलं तरी चालेल, फक्त ते पत्रात वेगळं लिहून घ्या.

आता ट्रस्टचा अनुभव असलेलाच सीए का, हे सांगते. व्यापाऱ्याचे हिशेब उत्तम करणारा हुशार सीएसुद्धा ट्रस्टच्या कामात अडखळतो, कारण इथे प्रश्नच वेगळे असतात. नफा किती झाला हे इथे कोणी विचारत नाही. पैसा कोणी दिला, कशासाठी दिला, त्यावरच खर्च झाला का आणि उरला असेल तर कुठे आहे, हे विचारतात.

तुमच्या सीएसआरचंच उदाहरण घ्या. १८ लाख मंजूर झाले. समजा ३१ मार्चपर्यंत १२ लाख हातात आले आणि साडेनऊ लाख खर्च झाले. उरलेले अडीच लाख संस्थेची शिल्लक नव्हेत, ते त्या कामासाठी बांधलेले पैसे आहेत. जाणकार सीए ते ताळेबंदात ‘न वापरलेलं अनुदान’ म्हणून वेगळे दाखवेल आणि खर्चाची खाती पहिल्यापासून प्रकल्पवार उघडायला लावेल. अनुभव नसलेला सगळे १२ लाख उत्पन्नात घेईल, साडेनऊ खर्चात टाकेल आणि अडीच लाख ‘वाढावा’ म्हणून सर्वसाधारण निधीत मिसळून टाकेल. मग कंपनी विचारते, आमचे अडीच लाख कुठे आहेत? तुम्ही म्हणता बँकेत आहेत. ते तिथे असतातही, पण कागद वेगळंच बोलतो. सीएसआर नियमांनुसार पैसे मंजूर कामासाठीच वापरले गेल्याचं प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला द्यावं लागतं, त्यामुळे त्याला तुमचा कागद स्वच्छ हवाच असतो. त्यांनी ‘मोठी फर्म’ म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हेच असणार. त्यांना सरळ विचारा: तुम्हाला फर्मचा आकार हवा आहे की प्रकल्पवार हिशेब आणि वेळेवर उपयोगिता प्रमाणपत्र? माझ्या अनुभवात उत्तर दुसरं येतं.

आयकराच्या बाजूनेही तेच. धर्मादाय संस्थेला करमाफी हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हावा लागतो. ४० लाख उत्पन्न धरलं तर ३४ लाख. पण ‘खर्च’ कशाला म्हणायचं याचे नियम गेल्या काही वर्षांत चांगलेच आवळले गेले आहेत. पैसे प्रत्यक्ष दिले गेले असतील तरच तो खर्च धरला जातो. मार्चअखेर बिल आलं पण चेक एप्रिलात गेला, तर ती रक्कम पुढच्या वर्षात मोजली जाते. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर ती रक्कम मोजणीतून बाहेर जाते. शिवणवर्गासाठी १४,००० चं कापड रोखीने घेतलं तर ते १४,००० गेले. शेड बांधायला ठेकेदाराला चार लाख दिले आणि टीडीएस कापला नाही, तर त्यातले ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार, मोजले जात नाहीत. खर्च कमी पडला तर पैसे पुढे राखून ठेवण्याची सोय कायद्यात आहे. नमुना १० भरून ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत निधी साठवता येतो, पण त्यासाठी कारण स्पष्ट करणारा विश्वस्तांचा ठराव लागतो आणि फॉर्म ऑगस्टअखेर गेलेला बरा.

या सगळ्याचा निवडीशी संबंध असा, की यातली प्रत्येक चूक वर्ष चालू असताना टाळता येते. वर्ष संपल्यावर फक्त नोंदवता येते. म्हणून पहिल्याच भेटीत मी विचारते: ‘आमची पुस्तकं तुम्ही वर्षातून किती वेळा बघाल?’ तिमाहीला एकदा, निदान डिसेंबरात एकदा येऊन ८५ टक्क्यांचा अंदाज काढून देणारा सीए फी थोडी जास्त घेत असला तरी घ्यावा. ‘मार्च झाला की पाठवून द्या, बघू’ असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

कामाचं वेळापत्रकही एप्रिलपासूनच सुरू होतं. ८०-जी (देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी नोंदणी) असलेल्या संस्थेला देणगीदारांची यादी पॅन क्रमांकासह नमुना १०-बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावी लागते. त्यावरून निघालेलं १०-बीई प्रमाणपत्र देणगीदाराला मिळालं तरच त्याला वजावट मिळते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. त्याहून मोठं नुकसान म्हणजे देणगीदार जुलैत विवरणपत्र भरायला बसतो, वजावट दिसत नाही, तो फोन करतो आणि पुढच्या वर्षी देणगी देत नाही. जो सीए ऑगस्टमध्येच ट्रस्टच्या फायली उघडतो, त्याच्याकडून हे काम कसं होणार?

आता पारख. तुमच्या हातात आधीच एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे जुने ऑडिट रिपोर्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली होणाऱ्या ऑडिटमध्ये शेड्यूल ८ चा ताळेबंद, शेड्यूल ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक आणि नऊ-सी (धर्मादाय वर्गणीला पात्र उत्पन्नाचं विवरण) असतंच. पण त्यांच्या वर एक प्रश्नावली असते, नियम १९ ची. ती कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचर व्यवस्थापकाच्या ताब्यात होती का आणि ती हिशेबाशी जुळली का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवली आहे का? ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? सभांची इतिवृत्तं ठेवली जातात का? घटनेत सांगितलेली विश्वस्तांची किमान संख्या पूर्ण आहे का? कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? असे प्रश्न.

गेल्या तीन वर्षांचे रिपोर्ट काढून या उत्तरांवर बोट ठेवा. सगळीकडे ‘होय’ किंवा ‘लागू नाही’ आहे का? असेल तर स्वतःला विचारा, मालमत्तेची नोंदवही सीएने खरंच बघितली होती का? इतिवृत्ताची वही कधी मागितली होती का? तुमच्या वसतिगृहातल्या पलंगांना क्रमांक घातले आहेत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमच्या संस्थेचं ऑडिट आजवर झालेलं नाही, कागद तयार झाले आहेत. हे मी त्या स्नेही सीएंना दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्यांनी वेळ दिला, पैसे घेतले नाहीत, त्यांचे उपकार आहेत. पण फुकटचं काम कुठल्याही ऑफिसात शेवटी हाती घेतलं जातं, आणि त्याच्याबद्दल तक्रार करायला आपली जीभ रेटत नाही.

नव्या फर्मला भेटायला जाल तेव्हा हेच तीन वर्षांचे रिपोर्ट, संस्थेची घटना, ताजी १२-ए (करमाफीची, आता १२-एबी) आणि ८०-जी नोंदणी आणि सीएसआरच्या करारपत्राची प्रत घेऊन जा. कागद टेबलावर ठेवा आणि त्यांना वाचू द्या. चांगला सीए पहिल्या पंधरा मिनिटांत दोन-तीन प्रश्न विचारतो. ‘कॉर्पसमध्ये (कायम निधीत) ही रक्कम आलीय, देणगीदाराचं तसं लेखी पत्र आहे का? त्याची गुंतवणूक वेगळी ठेवलीय का?’ ‘विश्वस्त बदलल्याचं दिसतंय, चेंज रिपोर्ट ९० दिवसांत दाखल झाला होता का?’ ‘१२-एबीची मुदत कधी संपते?’ हा शेवटचा प्रश्न तर त्याने विचारायलाच हवा. २०२१ साली जुन्या संस्थांना नव्याने मिळालेली पाच वर्षांची नोंदणी ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता. तुमचा अर्ज गेलाय का, हे माझं उत्तर वाचून झाल्यावर लगेच तपासा. कागद न बघताच जो फीचा आकडा सांगतो, त्याच्या डोक्यात तुमची संस्था नसते, एक ‘फाइल’ असते.

एक प्रश्न मी मुद्दाम विचारते. ‘माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याने संस्थेच्या खात्यावर ५०,००० पाठवले तर चालतील का?’ आपल्याकडच्या बहुतेक संस्थांचा कोणी ना कोणी परदेशात असतोच, तिथल्या महाराष्ट्र मंडळांतूनही मदत येऊ पाहते, त्यामुळे प्रश्न खराच आहे. ‘हो, चालतील’ असं तडक उत्तर देणारा सीए तुम्हाला गोत्यात आणेल. ‘परदेशातला पैसा अजिबात नको’ म्हणणाऱ्याचा नियम कच्चा आहे. जाणकार विचारेल, ‘त्यांचा पासपोर्ट कुठला?’ भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून आपल्या बचतीतले पैसे बँकेमार्फत दिले तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. आणि विदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, दरवर्षी एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत जावं लागतं. शिवाय विदेशी देणगी घेतली की आयकराचा ऑडिट फॉर्मही बदलतो. एरवी तुमच्यासारख्या, पाच कोटींच्या आतल्या संस्थेला १०-बीबी लागतो. विदेशी देणगी आली की रक्कम कितीही असो, १०-बी.

दुसरा प्रश्न नव्या कायद्याचा. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, धर्मादाय संस्थांच्या तरतुदी एका ठिकाणी आल्या. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र जुन्या १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे. मी वर जे क्रमांक आणि फॉर्मची नावं लिहिली ती जुन्या कायद्यातली, कारण अजून सगळ्यांच्या तोंडी तीच आहेत. तुमच्या होणाऱ्या सीएला विचारा, पुढच्या वर्षासाठी आम्ही पावत्यांवर आणि नोंदींत काय बदलायचं? त्याने नीट समजावलं तर उत्तम. ‘बघून सांगतो’ म्हणाला आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलं, तरी उत्तम. ट्रस्टचं काम बदलत्या नियमांचं आहे, आणि बघून सांगणारा माणूस ठोकून देणाऱ्यापेक्षा कितीतरी बरा.

मोठ्या फर्मबद्दल मंडळात आकर्षण आहे, ते मी समजू शकते. लेटरहेड बघून देणगीदारांवर छाप पडते. पण चर्चेला भागीदार येतो आणि काम करायला आर्टिकल मुलं येतात, दरवर्षी नवी. पुण्याच्या चकचकीत ऑफिसातून जुन्नरला कोण येणार, किती दिवस येणार, त्याने याआधी ट्रस्टचं ऑडिट केलंय का, हे विचारा आणि त्या व्यक्तीला भेटायला मागा. मोठ्या फर्मच्या गिऱ्हाइकांत तुमचा नंबर शेवटचा असेल, तर फुकटच्या सीएकडे होतं त्याहून फार वेगळं काही घडणार नाही, फक्त बिल येईल. उलाढाल काही कोटींत गेली, एफसीआरए आलं, दोन-तीन राज्यांत काम गेलं, तर त्या फर्मचा विचार जरूर करा. आज नको.

पुतण्याचा विषय नाजूक आहे, पण सचिव म्हणून तुम्हालाच तो मंडळात काढावा लागेल. मुलगा हुशार आणि प्रामाणिक असेल, त्याबद्दल शंका नाही. पण अध्यक्षांच्या सहीने झालेले खर्च त्यांच्याच पुतण्याने तपासायचे, हे बाहेरच्या कोणाला पटणार नाही, आणि त्या मुलावरही तो अन्याय आहे. काकांना ‘हे व्हाउचर अपुरं आहे’ असं तो कुठल्या तोंडाने लिहील? शिवाय आयकर कायद्यातल्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत भावा-बहिणीची मुलं येतात. त्याला दिलेली फी विश्वस्तांच्या नातेवाइकांना दिलेल्या रकमांत मोडते, ती ऑडिट फॉर्ममध्ये दाखवावी लागते आणि वाजवी असल्याचं सिद्ध करता आलं पाहिजे. त्याला मदतच करायची असेल तर फी न घेता वर्षातून एकदा तुमच्या लेखापालाला प्रशिक्षण देऊ दे. संस्थेला त्याचा जास्त उपयोग होईल. विश्वस्तच सीए असेल तरी हाच नियम: त्याने सल्ला द्यावा, सही दुसऱ्याने करावी.

मग शोधायचं कुठे? जाहिरात पाहून सीए मिळत नाही, कारण त्यांच्या व्यवसायाचे नियम जाहिरातबाजीला आवर घालतात. आजूबाजूच्या संस्थांना विचारा, पण ‘तुमचा सीए चांगला आहे का’ असं नको. त्याला सगळे हो म्हणतात. विचारा, ‘शेवटची नोटीस आली तेव्हा त्याने काय केलं?’ ‘गेल्या वर्षी ऑडिट रिपोर्ट कुठल्या महिन्यात हातात आला?’ ‘त्याने तुम्हाला कधी नाही म्हटलंय का?’ पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात नियमित जाणारे लोक कोणाची नावं घेतात ते ऐका. मंचर, नारायणगाव, राजगुरुनगर इथल्या फर्मही बघा, केवळ जवळ आहेत म्हणून त्यांना कमी लेखू नका. तीन नावं काढा, तिघांना भेटा. सीएचा सदस्यत्व क्रमांक आणि फर्मचा नोंदणी क्रमांक सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. जुन्या रिपोर्टवरचा यूडीआयएन (सीएने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा स्वतंत्र) क्रमांकही तिथे टाकून पाहा. २०१९ पासून प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर आणि प्रमाणपत्रावर तो असलाच पाहिजे. नसेल किंवा जुळत नसेल, तर तो कागद कुठेही पुढे करू नका.

फीबद्दल संस्थांना बोलायला संकोच वाटतो. तो सोडा. ऑडिटची फी, विवरणपत्राची, प्रत्येक उपयोगिता प्रमाणपत्राची, नोटिशीला उत्तर देण्याची आणि प्रवासखर्चाची अशी वेगवेगळी लिहून मागा. एकच ठोक आकडा घेतला तर पहिल्या नोटिशीला वाद होतो. ‘आणून दिलेल्या देणगीच्या किंवा अनुदानाच्या इतके टक्के’ असा सौदा कोणी सुचवला तर तिथून उठा. टक्केवारीवर फी घेणं सीएच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि असा माणूस तुमच्या हिशेबावर सही करायला बसलेला तुम्हाला परवडणार नाही. हा खर्च आणायचा कुठून, तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच लेखापालाचं मानधन आणि ऑडिट फी टाका. कंपन्यांचे अधिकारी कधीकधी ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांतच बसवा’ म्हणतात. सीएसआर नियमांतली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. नम्रपणे, पण ठामपणे हे दाखवून द्या.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मी सगळ्यांत जास्त संस्था अडचणीत आलेल्या पाहिल्या. आयकर पोर्टलवर संस्थेच्या नावापुढे मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे? पुष्कळ ठिकाणी तो सीएच्या ऑफिसातल्या एखाद्या मुलाचा असतो. तो मुलगा नोकरी सोडून जातो, ओटीपी त्याच्या फोनवर, नोटीस त्याच्या ईमेलवर, आणि संस्थेला कळतं तेव्हा उत्तराची मुदत उलटून गेलेली असते. अध्यक्षांची डिजिटल सही असलेला पेन ड्राइव्हही सीएच्याच कपाटात. नवी फर्म नेमण्याआधी आयकर, टीडीएस, धर्मादाय आयुक्त, सीएसआर-१ साठी (सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेची नोंदणी) कंपनी मंत्रालयाचं पोर्टल, सगळ्या ठिकाणी संस्थेचा स्वतःचा ईमेल आणि सचिवांचा मोबाइल घाला. पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा, डिजिटल सही ज्याची त्याच्याच ताब्यात असू द्या. आणि हेही लक्षात असू द्या: सीएने ऑडिट फॉर्म पोर्टलवर चढवला म्हणजे काम झालं असं नाही. तो तुमच्या लॉगिनमध्ये येतो, तुम्ही तो वाचून स्वीकारायचा असतो. स्वीकारला नाही तर फॉर्म दाखलच झालेला नसतो, आणि त्यावर करमाफी अवलंबून असते. जो सीए ‘लॉगिन आमच्याकडेच राहू द्या, तुम्हाला कशाला त्रास’ म्हणतो, त्याचा हेतू चांगला असला तरी ऐकू नका.

बदल करताना जुन्या सीएंचा मान राखा. आधी अध्यक्ष आणि तुम्ही दोघं त्यांच्या घरी जा, सीएसआरमुळे कामाचा व्याप वाढलाय हे खरं कारण सांगा. कागद नंतर. घटनेत ऑडिटर नेमण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे की विश्वस्त मंडळाला, ते पाहून त्याप्रमाणे ठराव करा. नव्या सीएने काम घेण्याआधी जुन्या सीएला लेखी कळवणं त्यांच्या आचारसंहितेने बंधनकारक आहे, आपण ज्याला एनओसी म्हणतो ते. जुनी फी थकलेली नाही, तेव्हा तिथे अडचण यायची नाही. त्यांच्याकडून टॅलीचा बॅकअप, मूळ नोंदणी प्रमाणपत्रं, दाखल केलेल्या सगळ्या फॉर्मच्या पोचपावत्या आणि नोटिशींची फाइल यादी करून घ्या, यादीवर दोघांच्या सह्या करा. हिशेबाची पुस्तकं आणि कागद आयकर नियमांप्रमाणे संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं जपायचे आहेत, त्यामुळे ‘जुनं आता कशाला लागणार’ म्हणून काही मागे सोडू नका.

नव्या फर्मचं नेमणूकपत्र दोन पानांचं पुरे. काम कोणतं, कोण करणार, किती वेळा येणार, रिपोर्ट कुठल्या तारखेपर्यंत मिळणार, फी किती. धर्मादाय कायद्याखालचं ऑडिट ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवं आणि आयकराचा ऑडिट फॉर्मही एरवी ३० सप्टेंबरपर्यंतच जावा लागतो. म्हणून पत्रात रिपोर्टची तारीख ३१ ऑगस्ट लिहा. आणि एक ओळ आवर्जून घाला: सही करण्याआधी ऑडिटर विश्वस्तांच्या बैठकीत तासभर बसून निरीक्षणं समजावून सांगतील. सुरुवातीला काही निरीक्षणं टोचतील. निविदा नाहीत, नोंदवही अपुरी आहे, रोखीचे व्यवहार जास्त आहेत असं लिहिलं जाईल. ते खोडून घेण्यासाठी आग्रह धरू नका. गैरप्रकार किंवा अनियमितता दिसली तर ती अहवालात नोंदवणं हे ऑडिटरचं कायद्याने ठरवलेलं कर्तव्यच आहे. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये तीच ओळ गेलेली दिसली, तर कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

नेमणूक एप्रिल ते जूनमध्ये करा. तो काळ टळून गेला असेल तर या वर्षीचं ऑडिट जुन्या सीएंकडूनच पूर्ण करून घ्या, मात्र फी देऊन, आणि नव्या फर्मला चालू वर्षाची पुस्तकं ऑक्टोबरपासून बघायला सांगा. सीएसआरचा पहिला हप्ता यायच्या आत प्रकल्पाचं वेगळं खातं टॅलीत उघडून ठेवा. तेवढ्यासाठी कोणाची वाट पाहायची गरज नाही.